नंदीचा दुसरा कान

“आजोबा, तुम्ही इथे नाही थांबायचं. बाहेर जा,” असं म्हणत दिपूने सोसायटी ऑफिसचं दार तानाजीरावांच्या तोंडावर लोटलं.

तसं बघितलं तर दार तानाजीरावांचंच. कोलशेतच्या या सदिच्छा सोसायटीचे ते सेक्रेटरी होते, ऑफिसची किल्ली त्यांच्या खिशात असायची, आणि गेल्या दिवाळीत दाराला रंग लावला तोही त्यांनी रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून. दुसऱ्या कुणी त्यांना असं बाहेर काढलं असतं तर त्यांनी सोसायटीचे नियम पाठ म्हणून दाखवले असते. पण सहा वर्षांच्या नातीला काय दाखवणार? ते निमूट मागे सरले आणि वळसा घालून खिडकीपाशी गेले. खिडकीबद्दल दिपू काही बोलली नव्हती.

खिडकी खालच्या पार्किंगमध्ये उघडायची. तिथे एखाद्या स्कूटरला टेकून उभं राहिलं की आतला संस्कारवर्ग सगळा दिसायचा. सतरंजीवर बिल्डिंगमधली दहाबारा पोरं मांडी घालून बसली होती आणि समोर चित्राताई. साठीच्या आसपासची बाई, सुती साडी, केस घट्ट बांधलेले. आधी श्लोक झाले, मग एक गोष्ट झाली. मग चित्राताईंनी पिशवीतून मुठीएवढा पितळेचा नंदी काढून मांडीवर घेतला. त्याचा एक पाय झिजून आखूड झाला होता, जमिनीवर ठेवला की कलंडायचा.

शंकराच्या देवळात मोठी माणसंही करतात तेच इथे पोरं करत होती. एकेकाने पुढे यायचं, नंदीचा एक कान तळहाताने झाकायचा आणि दुसऱ्या कानात मनातलं सांगायचं. एक कान झाकायचा, नाहीतर इकडून आत गेलेलं तिकडून बाहेर पडतं. सगळ्यांचं सांगून झालं की दिवा लावायचा, शुभंकरोति म्हणायचं आणि घरी पळायचं.

पोरं पटापट सांगून उठत होती. दिपूची पाळी आली आणि ती बसली ती बसलीच. तोंडाला हाताचा आडोसा, ओठ नंदीच्या कानाला लागलेले. एवढं काय सांगत होती ही? घरात ‘जेवलीस का’ विचारलं तर नुसती मान हलवते. आणि त्या बाईचं डोकं नंदीवर झुकलेलं, डोळे मिटलेले. तानाजीरावांनी हे नीट बघून ठेवलं. डोळे मिटून माणूस एक तर झोपतो, नाहीतर कान देऊन ऐकतो. बाई काही झोपलेली नव्हती.

तानाजीरावांची सगळी नोकरी जकात नाक्यावर झाली होती. ट्रक थांबवायचा, ताडपत्री उचलायची, ड्रायव्हर तांदूळ म्हणत असला तरी पोत्यात सळई खुपसून आत दुसरं काही आहे का ते बघायचं. जन्म त्यात गेला. पुढे जकात बंद झाली, नाके ओस पडले, पण सळई काही त्यांच्या हातातून सुटली नाही. दूधवाला हसून पिशवी देऊन गेला तरी हा आज का हसला, म्हणून ते पिशवी उजेडात धरून बघत. बायको होती तोवर ती म्हणायची, “अहो, देवळातला प्रसादाचा पेढासुद्धा तुम्ही आधी फोडून बघाल.” ती गेली आणि असं तोंडावर बोलणारं घरात कुणी उरलं नाही. सून स्वप्ना बोलत नसे, नुसती आत निघून जाई. तिचं कुरिअर आलं की तानाजीराव ते ब्लेडने उघडून बघायचे आणि पुन्हा चिकटपट्टी लावून ठेवायचे. “नुसतं बघितलं गं, आजकाल काय काय येतं लोकांकडे,” असं वर सांगायचेही. मुलगा मितेश मान खाली घालून जेवत राहायचा.

अशा माणसाला चित्राताईंचा संशय यायला कारणांची वाण नव्हती. बाई सोसायटीतली नव्हती, ढोकाळीच्या चाळीतून यायची. वर्गाचं काही घेत नव्हती; आणि फुकट कुणी शिंकतसुद्धा नाही, हे तानाजीरावांचं ठाम मत होतं. बायकांनी चहाला बोलावलं तर यायची नाही, चार जणींच्या घोळक्यात थांबायची नाही. एकदा तर गेटपाशी त्यांनी मागून “ओ बाई, ओ बाई” म्हणून हाका मारल्या, तर ही वळूनही न बघता चालती झाली. हाक ऐकून न थांबणारा ट्रक त्यांनी कधी तसाच सोडला नव्हता. चोराच्या मनात चांदणं, ते स्वतःशी म्हणाले होते.

त्या संध्याकाळी लिफ्टची वाट बघताना त्यांनी दिपूला विचारलं, “काय गं, एवढं काय सांगितलंस नंदीला?”

“नाही सांगणार.”

“आजोबाला पण नाही?”

“तुम्हाला नाहीच नाही,” दिपू म्हणाली आणि टाचा उंचावून तिने लिफ्टचं बटण दाबलं.

हे त्यांना लागलं. ही पोर सकाळी शाळेच्या बुटाची लेस बांधायला फक्त त्यांच्यापुढे पाय करायची. आईने हात लावलेला तिला चालायचा नाही.

सोमवारी सकाळी खाली सुधीर भेटला. तिसऱ्या मजल्यावरचा, बोलघेवडा माणूस. त्याच्या स्कूटरचा आरसा कुणीतरी फोडला होता आणि आठवडाभर तो भेटेल त्याला तेच सांगत होता. आज मात्र आरशाचा विषय निघाला नाही.

“काय काका, मग कल्याणला कधी?”

“कल्याणला?”

“मितेशचं चाललंय ना. खडकपाड्याला फ्लॅट बघितलाय त्याने. मस्त एरिया आहे. वहिनींना पण ऑफिस जवळ पडेल. तुम्ही पण जाणार की इथेच?”

तानाजीरावांना हे आत्ताच कळत होतं. पण नाक्यावरचा माणूस, चेहऱ्यावर काही दिसू द्यायची सवय नव्हती. “हो हो, माहितीये मला. बघू, अजून काही नक्की नाही,” असं म्हणून ते दूध आणायला निघाले आणि दूध न घेताच परत आले. ‘तुला कुणी सांगितलं?’ एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. पण तो विचारला असता तर बापाला पोराचं ठाऊक नाही हे सुधीरला कळलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला. ज्यांनी जन्मभर प्रत्येक ट्रकला ‘कुठून आला’ विचारलं, त्यांनी नेमका इथे तो प्रश्न गिळला.

मितेशलाही त्यांनी विचारलं नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला तर? घरातून दिपू जाणार, सकाळी पाय पुढे करायला कुणी नसणार, ही कल्पनाच त्यांना सोसेना. त्यापेक्षा ही गोष्ट बाहेर फोडली कुणी, हे शोधणं सोपं होतं. त्यासाठी फार लांब जावं लागलं नाही. मितेश तोंड उघडत नाही. स्वप्ना बिल्डिंगमध्ये कुणाशी बोलत नाही. राहिली दिपू, आणि दिपू शनिवारी नंदीपाशी एवढा वेळ बसली होती. सुधीरचा साकेत त्याच वर्गात जातो, त्याला न्यायला सुधीरच येतो. शनिवारी नंदीच्या कानात गेलेलं सोमवारी सुधीरच्या तोंडात. दोन आणि दोन चार.

आता फक्त माल रंगेहाथ पकडायचा होता.

शुक्रवारी त्यांनी दिपूला गॅलरीत बोलावलं. “दिपू, उद्या नंदीला आजोबाचं एक काम सांगशील?”

“काय?”

“सांगायचं, सुधीरकाकांच्या स्कूटरचा आरसा माझ्या आजोबांनी फोडला.”

दिपूचे डोळे मोठे झाले. “तुम्ही फोडलात?”

“नाही गं. गंमत.”

“मग ते खोटं आहे.”

“छोटंसं.”

“नंदीला खोटं नाही सांगायचं. ताई म्हणतात, तो महादेवाला जाऊन जसंच्या तसं सांगतो. त्याला त्यात काही बदल करता येत नाही.”

“एकदाच, आजोबासाठी. महादेवाला मी समजावतो नंतर.”

तानाजीरावांनी खिशातून फुलपाखराची क्लिप काढली. बाजारात जाताना दिपू रोज जी बघायला दुकानापाशी थांबायची, तीच क्लिप. नाक्यावर असताना त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता, याचा त्यांना केवढा अभिमान होता! लाच द्यायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली आणि तीही नातीला. दिपूने क्लिप घेतली, पण नेहमीसारखी आरशाकडे धावली नाही.

शनिवारी ते खिडकीपाशी होतेच. दिपू पुढे गेली, नंदीचा कान झाकला, एवढंसं काही बोलली आणि उठली. या वेळी तिने खिडकीकडे पाहिलंही नाही. क्लिप केसांत नव्हती.

रविवारी तानाजीराव दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले. बाईने ऐकलं असेल तर आज सुधीर भांडायला येणारच. दुपारी बेल वाजली. सुधीरच होता.

“बोल,” तानाजीराव कंबर कसून म्हणाले.

“काका, टाकीची किल्ली द्या ना. आमच्या लाइनला पाणीच येत नाहीये.”

“एवढंच?”

“अजून काय असणार?” सुधीर गोंधळून म्हणाला आणि किल्ली घेऊन गेला.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, बाईचा काही संबंध नाही. तानाजीरावांचं उलटंच झालं. बाई कच्च्या गुरूची चेली नाही, खोटा माल कुठला हे तिला कळतं, असं त्यांनी ठरवून टाकलं. संशयाचं हे एक बरं असतं. पुरावा सापडला तर चोर सापडला, आणि नाही सापडला तर चोर हुशार.

सोसायटीचे चेअरमन प्रफुल्ल गायकवाड बँकेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. तानाजीरावांनी सगळं त्यांच्या कानावर घातलं.

“पुरावा काय आहे, घाडगे?”

“पुरावा कशाला पाहिजे? नंदी मांडीवर, डोकं नंदीवर. पोरांच्या तोंडून घराघरातलं काढते ती.”

“हे बघा, माझा नातू त्या वर्गाला जात नाही. तो रविवारी विहारात जातो, बुद्धवंदना शिकतो. त्यामुळे मी यात एक शब्द जरी बोललो तरी लोक म्हणणार, याला आपल्या देवाचं बघवत नाही. तुम्ही सेक्रेटरी आहात, तुम्ही काय ते ठरवा. फक्त एक करा. त्या बाईंशी एकदा समोरासमोर उभं राहून बोला.”

इतका सरळ सल्ला, पण तानाजीरावांना तोही वाकडा वाटला. याला काय पडलंय त्या बाईचं? ते काही बोलायला गेले नाहीत. बोर्डावर नोटीस लावली की ऑफिसची जागा सोसायटीच्या कामासाठी लागणार असल्याने संस्कारवर्ग येत्या शनिवारनंतर बंद राहील. खाली सही केली आणि त्या सहीखाली रेघ ओढली.

शनिवारी चित्राताई आल्या, बोर्डासमोर उभ्या राहिल्या, नोटीस वाचली आणि आत जाऊन नेहमीसारखी सतरंजी घातली. डिसेंबरचे दिवस, साडेपाचलाच पार्किंगमध्ये काळोख साचू लागला होता. या वेळी तानाजीराव खिडकीत गेले नाहीत. शेवटचा वर्ग, ऑफिस ताब्यात घ्यायचं होतं, म्हणून ते सरळ दारात येऊन उभे राहिले. दिपूने त्यांच्याकडे पाहिलं, पण बाहेर जा म्हणाली नाही.

श्लोक झाले, गोष्ट झाली, नंदी झाला. दिपू नंदीसमोर बसली, कान झाकला आणि तशीच उठली. चित्राताईंनी निरांजनात वात सारखी केली, काडेपेटी हाताशी घेतली, आणि तेवढ्यात लाइट गेले.

डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख झाला. कुणीतरी किंचाळलं. मग साकेतने शुभंकरोति सुरू केलं. भीती वाटली की हे म्हणायचं असं चित्राताईंनीच शिकवलेलं. बघता बघता सगळी पोरं म्हणायला लागली, भीतीने आवाज चढलेला, खोली नुसती दणाणून गेली.

“घाबरू नका रे,” काळोखात चित्राताईंचा आवाज आला. “म्हणा बरं सगळ्यांनी. शुभंकरोति म्हणा.”

पोरं म्हणतच होती.

“म्हणा ना. गप्प का बसलात?”

पोरांनी आवाज आणखी चढवला. तानाजीरावांना वाटलं, ही थट्टा करतेय की काय.

“साकेत? दिपू? आहात ना रे सगळी? कुणीतरी बोला ना.” बाईचा आवाज आता कापत होता. “बाळांनो, कुठे गेलात?”

बारा गळे तिच्यापासून हातभर अंतरावर ओरडत होते. काडेपेटी खाली पडली, काड्या सांडल्या, हात जमिनीवर चाचपडत राहिला. अखेर एक काडी पेटली. त्या उजेडात चित्राताईंनी पोरांकडे पाहिलं. बारा तोंडं हलताना दिसली आणि त्यांनी रोखलेला श्वास सोडला. दिवा लावला. मग दारात उभे असलेले तानाजीराव त्यांना दिसले, आणि त्या पुन्हा बसल्या जागी थिजल्या.

गेटपाशी मारलेल्या हाका, न वळलेली पाठ, चहाला न येणं, घोळक्यात न थांबणं, मिटलेले डोळे, सगळं तानाजीरावांसमोर उलटं होऊन उभं राहिलं. आपण काय केलं हे त्यांना कळलं आणि लाजेने कानशिलं तापली.

लाइट आले. पोरं घरी पळाली. दिपूही पळाली. तानाजीराव आत आले आणि चित्राताईंच्या समोर उभे राहिले.

“तुम्हाला ऐकू येत नाही.”

चित्राताई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. “समोर येऊन बोललात म्हणून कळलं,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदाच आलात समोर.”

“कधीपासून?”

“इथेच डब्यांची कंपनी होती, पत्र्याचे डबे करायची. मी पॅकिंगला होते. बाजूला प्रेस मशीन, दिवसभर धाडधाड. कंपनी बंद पडली तोवर डावा कान गेलेला. उजव्याने मोठा आवाज तेवढा कळायचा, आता तोही नाही. पण तोंड दिसलं की सगळं समजतं.”

“कानाचं मशीन मिळतं की.”

“लावून बघितलं. नुसता गोंगाट होतो. आणि लोकांना दिसतं ना ते. मग म्हणणार, बहिरी बाई पोरांना काय श्लोक शिकवणार, चुकलेलं हिला कळणार कसं? मला कळतं हो. कुठलं पोर कुठे अडखळतं ते ओठांवर दिसतं.”

“आणि ते नंदीला सांगतात ते?”

“मला काय माहीत?” चित्राताईंना प्रश्नच विचित्र वाटला. “मी डोळे मिटून घेते, ओठसुद्धा दिसू नयेत म्हणून. पोरांना सांगताना जवळ कुणीतरी लागतं आणि ऐकणारं कुणी नको असतं. म्हटलं, चला, आपला बहिरेपणा एवढ्या तरी कामाचा आहे. ज्याला ऐकू येतं त्याने तिथे बसूच नये.”

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही, म्हणून तानाजीरावांना जास्त लागलं.

“दिपूला काय झालंय?” चित्राताईंनी विचारलं. “आज ती नंदीशी बोललीच नाही. नंदीवर हात असतो ना माझा, पोरांचा श्वास लागतो हाताला. आज नाही लागला.”

आरशाचं ते खोटं तानाजीरावांना आठवलं. “नोटीस मी आत्ता काढतो,” ते म्हणाले. “वर्ग चालू ठेवा. मी कुणाला काही सांगणार नाही.”

“तुम्ही नाही सांगणार, पण पोरांनी बघितलंय. आत्तापर्यंत घराघरात पोचलं पण असेल. आता कुणी पोरं पाठवली तरी आया दारात उभ्या राहणार, मला कळतंय की नाही ते बघायला. तसं नाही जमायचं मला.” त्यांनी नंदी फडक्यात गुंडाळला आणि तानाजीरावांपुढे धरला. “हा दिपूला द्या. तुमच्या घरात असला की कुणाला संशय नको.”

“चुकलं माझं,” तानाजीराव म्हणाले. पण ते मान खाली घालून म्हणाले, आणि चित्राताईंना ते कळलं नाही. त्या सतरंजीची घडी घालत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुधीरला गाठून तो गिळलेला प्रश्न एकदाचा विचारला. “मितेशच्या फ्लॅटचं तुला कुणी सांगितलेलं रे?”

“माझा मेहुणा ब्रोकर आहे ना कल्याणला, त्यानेच तर दाखवला,” सुधीर म्हणाला. “का हो? तुम्हीच बोललात ना, माहितीये म्हणून?”

मितेश संध्याकाळी आपणहून गॅलरीत आला. सुधीरने त्याला फोन केला असणार.

“सांगणार होतो बाबा.”

“कधी?”

“हिंमत होत नव्हती. भांडण नाहीये तुमच्याशी, खरंच नाही. पण स्वप्नाला तिचं पाकीट पहिल्यांदा स्वतः उघडायचंय. एवढंच आहे बघा.” तो कठड्यावर बोट ओढत राहिला. “दिपूला आम्हीच सांगितलेलं, आजोबांना बोलायचं नाही म्हणून. तिला जड गेलं असेल ते.”

तानाजीराव नेहमीप्रमाणे दहा प्रश्न विचारतील म्हणून मितेश थांबला. त्यांनी एकही विचारला नाही. “सामान न्यायला टेम्पो चांगला बघ,” एवढंच म्हणाले.

संक्रांत झाल्यावर ती तिघं कल्याणला गेली. निघताना तानाजीरावांनी दिपूच्या बुटाची लेस बांधली आणि घरच्या खिडकीत ठेवलेला नंदी तिच्या हातात दिला. तिने तो परत खिडकीत नेऊन ठेवला. “इथेच राहू दे. तो रागावलाय,” ती म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मितेश आणि स्वप्ना तिला घेऊन आले, आणि तिला आजोबांपाशी सोडून खाली भाजी आणायला गेले. नंदी खिडकीतच होता. आखूड पायाखाली तानाजीरावांनी पुठ्ठ्याची घडी घातली होती, आता तो सरळ उभा राहायचा. दिपू बराच वेळ लांबूनच त्याच्याकडे बघत राहिली.

“अजून रागावलाय तो?”

“तुझ्यावर कधीच नव्हता. माझ्यावर होता,” तानाजीराव म्हणाले. “मी सांगितलं त्याला, आरशाचं खोटं माझं होतं, दिपूचं नाही. महादेवाला तसंच सांग म्हटलं.”

“कान झाकलेला?”

“झाकलेला.”

“मग काय बोलला?”

“तो बोलतो होय?”

दिपूने विचार केला. मग तिने दोन्ही हातांनी नंदी उचलला, कोपऱ्यात जाऊन मांडी घालून बसली आणि त्याला मांडीवर घेतला. एका कानावर तळहात ठेवला. ओठ दुसऱ्या कानाशी नेले, आणि मान वर करून तिने आजोबांकडे पाहिलं.

तानाजीराव खुर्चीतून उठले. चपला घातल्या, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

सुधीर लिफ्टमधून बाहेर पडत होता. “काका, बाहेर का उभे?”

“दिपू आहे आत.”

“मग?”

“मग काही नाही.”

सुधीर त्यांच्याकडे बघत, टाकीची किल्ली द्यायची होती ती देऊन जिन्याने उतरून गेला. दार तसं पातळच होतं. आत कुजबुज सुरू झालेली बाहेर कळत होती. एक पाऊल पुढे सरकून कान दिला असता तर शब्दही कळले असते. तानाजीराव कठड्याला धरून जिना उतरले आणि खालच्या मजल्यावर जाऊन उभे राहिले.